पोटची की ओटीतली

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि दवाखाना आला की बाहेर ताटकळणारी माणसं आलीच. त्या माणसांच्या भुकेवर आक्काताई चौगुलेनं पस्तीस वर्षं खाणावळ चालवली. आत पेशंट जगो नाहीतर मरो, बाहेरच्याच्या पोटात कावळे ओरडायचे ते ओरडतातच, हे चौथी नापास आक्काला मोठमोठ्या डॉक्टरांआधी कळलं होतं. ती ताट वाढायची आणि वर बोलणंही वाढायची. "रडायचं असंल तर भाकरी संपवून रड. उपाशी रडलास तर आवाज तरी कुठवर जाणार?" पण तिच्या पंगतीत कुणाला दुसऱ्यांदा भाकरी मागावी लागली, असं पस्तीस वर्षांत घडलं नव्हतं. पहिल्या हाकेला भाकरी ताटात. हा तिचा मान होता आणि तिचा तोराही.

अशी बाई त्या सोमवारी परदेश तपासणी केंद्राच्या खुर्चीत बसली होती, आणि फॉर्ममधल्या एका ओळीवर तिचं बोट पाव तास अडकलं होतं.

"वाचता येईना का, आक्का? मी वाचू?" तरन्नुम मुल्लाणीनं विचारलं. रक्त काढायचं काम तिच्याकडे. लहानपणी बापाचं बोट धरून ती खाणावळीत जेवायला यायची, त्यामुळे आक्काच्या तोंडाची तिला सवय होती.

"येतंय की वाचायला. मोडी न्हाई ते. पण ह्यो जैविक कोण आणि दत्तक कोण?"

"ज्या मुलाला भेटायला जायचं ते तुमचं कसं, असं विचारलंय. जैविक म्हणजे पोटचं. दत्तक म्हणजे ओटीतलं."

"मग तसं लिहायला हात मोडलं होतं काय ह्यांचं?"

तरन्नुम हसली. आक्का हसली नाही.

लेक वृषाली परदेशात होती, पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्या देशाचं नाव आक्काच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती 'लेकीचा देश' म्हणायची. नवऱ्याशी वृषालीचं पटलं नाही, पोरंबाळं झाली नाहीत, आणि दीड वर्षापूर्वी तिचं रक्तच फिरलं. तिथल्या डॉक्टरांनी औषधांनी तिच्या हाडांतला सगळा मगज धुऊन काढला आणि कुणा अनोळखी माणसाचा निरोगी मगज त्या जागी भरला. सहा महिने बरे गेले. मग आजार परतला, आणि आता डॉक्टरांनी महिन्यांचा हिशेब सोडून आठवडे मोजायला घेतले होते.

पूर्वी असं असतं तर माणूस तिकीट काढून विमानात बसला असता. पण सहा वर्षांपूर्वी तो कोरडा ताप आला आणि जगाची दारं आतून लागली. लेकीच्या देशात तो ताप एका म्हाताऱ्यानं नेला. त्याला दुसऱ्या कुणाचं मूत्रपिंड बसवलेलं होतं. त्या परक्या मांसाच्या पेशींत विषाणू दडून बसला, विमानतळावरच्या वरवरच्या तपासणीला सापडला नाही. म्हाताऱ्यानं मूत्रपिंडाचं कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर नीट तपासलं असतं. न सांगितल्यामुळे तिकडे गावंच्या गावं ओस पडली.

तेव्हापासून 'रक्तवाचन' आलं. बाटलीभर रक्त यंत्रात घालायचं. माणसाच्या रक्तात त्याच्या स्वतःच्या कोट्यवधी पेशी असतात, आणि त्यांच्यात लाखात, कधी कोटीत एखादी परकी पेशी असते. पूर्वीची यंत्रं ती सोडून द्यायची. हे यंत्र प्रत्येक पेशीला गाठून तिचं कूळ विचारायचं. दुसऱ्याचं रक्त घेतलं असेल, दुसऱ्याचा अवयव बसवला असेल, सगळं निघायचं. बायकांच्या बाबतीत आणखी एक निघायचं. पोटात वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि ती म्हातारी झाली तरी तिथे नांदत राहतात. जगलेल्या मुलाच्या तशाच पडलेल्या मुलाच्याही. त्या निरुपद्रवी, म्हणून हिशेबातून वजा करायच्या. म्हणून तर फॉर्ममध्ये मुलं किती, पोटची किती, हे सगळं विचारलेलं. माणसाची जबानी एकीकडे, रक्ताची जबानी दुसरीकडे, आणि दोन्ही जुळल्या तरच दार उघडायचं.

"आणि न्हाई जुळल्या तर?" आक्कानं विचारलं.

"पाच वर्षं बंदी. आजाराला ते एवढं भीत नाहीत, आक्का. खोट्याला भितात." तरन्नुमनं आवाज उतरवला. "नाहीतर सोपं आहे बघा. भाऊ, मामा, शेजारी, सगळ्यांना नव्वद दिवसांच्या तीन तपासण्या. पण मरणाच्या दारातल्या माणसाच्या आईला एकच तपासणी, दहा दिवसांत परवाना. पोटची असो की ओटीतली, दोघींच्या आईला सारखाच."

"आणि ह्यो कागद कुणाकुणाला दिसतो?"

"मला, त्यांना, आणि जिनं बोलावलं तिला. वृषालीताई सही करणार ना त्याच्यावर."

तिथेच तर बोट अडकलं होतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी आक्का पहिल्या बाळंतपणाला नदीपल्याड माहेरी गेली. दिलीप जन्मला. त्याच्या अकराव्या दिवशी, त्याच खोलीत, तिची धाकटी बहीण शेवंता बाळंत झाली. शेवंता एकोणीस वर्षांची, बिनलग्नाची. बापानं तिला पाच महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी तापानं ती गेली. पोर कुणाच्या ओटीत घालायचीही शुद्ध तिला नव्हती. आक्कानं आपणच उचलून ओटीत घेतली, आणि सव्वा महिन्यानं मिरजेला परतली ती दोन पोरं घेऊन. "जुळं झालं," म्हणाली. सासूनं साखर वाटली. नवऱ्यानं दोन्ही पोरांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "दोघांचं नाक तुझ्यावर गेलंय." एवढंच. तो शहाणा माणूस मरेपर्यंत त्यावर पुन्हा बोलला नाही.

दिलीप डावीकडं, वृषाली उजवीकडं. दीड वर्ष दोघांना अंगावर पाजलं. एक रडलं की दुसऱ्याच्या बाजूलाही पान्हा फुटायचा. दूध म्हणजे तरी काय? पांढरं झालेलं रक्तच की. ज्या यंत्राला पडलेल्या पोराचा माग चाळीस वर्षांनी लागतो, त्याला दीड वर्षाचं दूध लागणार नाही होय?

आणि मरायला टेकलेल्या लेकीच्या हातात कुठला कागद द्यायचा? 'तू माझी नव्हेस' असा?

आक्कानं पेन उचललं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. पोटची. खूण अशी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली.

"घाल सुई," ती म्हणाली. "आणि हळू घाल. मेलेल्या म्हशीला टोचल्यासारखी टोचू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर वृषालीचा फोन आला. पडद्यावर डोक्यावर केस नसलेली, डोळे मोठे झालेली लेक.

"बघ आई, तिरुपतीला न जाता जाऊन आले."

"शोभतंय. लहानपणी उवा झाल्या तवाच करायला पायजे होतं."

वृषाली हसली, खोकली, पुन्हा हसली. "सही केली मी कागदावर. कधी येतेस?"

"दहा दिवस म्हणत्यात."

"इथं सगळ्याला पुठ्ठ्याची चव आहे. येताना हुलगे आण. माडगं करून घाल मला. पातळ, लसणाची फोडणी दिलेलं. दुसरं काही नको."

"आणते की. तू तेवढं दम धर."

आक्कानं त्याच संध्याकाळी हुलगे निवडले, मंद आचेवर भाजले, घरच्या जात्यावर दळले. गिरणीत दिलं की पीठ जळतं आणि माडग्याला करपट वास येतो. दोन किलोची पिशवी शिवून प्रवासाला न्यायच्या कापडी पिवशीच्या तळाशी ठेवली. दिलीप म्हणाला, "नेऊ देतील का गं विमानातनं?"

"पिठाला रक्त नसतंय. त्याचं काय वाचणार ते?"

दहाव्या दिवशी दिलीपनं तिला गाडीवर बसवून केंद्रात आणलं. तरन्नुमनं त्या दोघांना आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. तिथेच आक्काला कळायला हवं होतं. दवाखान्यात दार लावून घेऊन कुणी चांगली बातमी सांगत नाही.

"आक्का, तब्येत ठणठणीत आहे तुमची. कुठलाही आजार नाही. दिलीपदादांच्या पेशी सापडल्या. तिसऱ्या महिन्यात पडलेलं जे तुम्ही लिहिलं होतं, तेही सापडलं." तिनं कागद उलटला. "वृषालीताईंची एकही पेशी नाही."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं."

"उजव्या अंगाचं रक्त घेतलंस का? ती उजवीकडं प्यायची."

तरन्नुमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दिलीप एकदा आईकडं, एकदा तरन्नुमकडं बघत राहिला. मग आक्कानं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. एकेचाळीस वर्षं लपवलेलं सांगायला चार वाक्यं पुरली.

"म्हणजे आम्ही जुळी न्हाई?" दिलीप म्हणाला.

"न्हाई."

बराच वेळ तो हातातली गाडीची किल्ली फिरवत बसला. "अकरा दिवसांनी मोठा हाय तर मी," म्हणाला, आणि उठून खिडकीशी गेला. त्याची पाठ हलत होती.

आक्कानं तरन्नुमचं मनगट धरलं. "दीड वर्ष अंगावर पाजलंय मी तिला. दूध म्हणजे रक्तच ना गं?"

"दुधातही पेशी असतात, आक्का. जिवंत. त्या बाळाच्या आतड्यात उतरतात, तिथून थोड्या रक्तात जातात, मुरतात. पण ते एकाच बाजूला वाहतं. तुमचं तिच्यात जातं. तिचं तुमच्यात येत नाही." तरन्नुमनं डोळे पुसले. "तुमच्या पेशी असल्या तर तिच्या अंगात असतील. तुमच्या रक्तात शोधून काय मिळणार?"

"मग मुडद्यांनो, मला कशाला टोचलं? तिला टोचायचं की!"

तरन्नुमनं खणातून दुसरा फॉर्म काढला. मग म्हणाली, "तसं अपील करता येतं."

अपील केलं. त्याच दिवशी, तिथेच बसून. लेकीच्या देशातल्या दवाखान्यात लेकीचं रक्त काढलं आणि तिथल्या यंत्रात घातलं. पाच दिवस आक्का पोळपाटाशी बसून रस्त्याकडं कान देत राहिली. भाकऱ्या कधी नव्हे त्या चिरल्या. सहाव्या दिवशी तरन्नुम स्वतः खाणावळीत आली आणि उभ्यानंच बोलली.

"त्या रक्तात तुमचं काही नाही. त्या रक्तात आता वृषालीताईसुद्धा नाहीत, आक्का. सगळं रक्त त्या दात्याचं आहे. तिशीतला कुणी माणूस, तिथलाच. मगज त्याचा, म्हणून रक्त त्याचं."

आक्काला हे कळायला वेळ लागला. लेकीच्या नसांतून एक परका पुरुष वाहतोय, आणि आपण पाजलेला थेंब न् थेंब औषधांनी खरवडून काढून गटारीत सोडलाय.

"संपलं म्हण की."

"एक राहिलंय. मगज धुण्याआधी तिथले लोक जुनं रक्त थोडं गोठवून ठेवतात. ते वाचायला अर्ज टाकलाय मी. पण त्याला चाळीस दिवस लागणार."

"आणि तिच्याकडं किती हायत?"

तरन्नुमनं पोळपाटावरची चिरलेली भाकरी उचलून बाजूला ठेवली. ती डॉक्टर नव्हती, पण मिरजेत वाढलेली होती.

त्याच दुपारी वृषालीचा फोन आला. परिचारिकेनं फोन धरला होता. वृषालीच्या हातात तेवढा जोर उरला नव्हता. कागद तिला मिळाला होता. 'घोषित नाते आढळले नाही. प्रवेश नाकारला. कालावधी पाच वर्षे.'

"आई, मी कुणाची?"

खाणावळीतली, गल्लीतली, अख्ख्या मिरजेतली माणसं जिच्या तोंडाला घाबरायची, तिनं आवाज उतरवला. शेवंताचं सांगितलं. खोली, अकरावा दिवस, चौथ्या दिवसाचा ताप.

"तिचा फोटो आहे?"

"न्हाई. कुणी काढलाच न्हाई."

"मग राहू दे." वृषालीनं डोळे मिटले, उघडले. "ते दोन चौकोन होते ना? तू दुसऱ्यात खूण केली असतीस, तर आली असतीस?"

"व्हय."

"कधी?"

"पाच-सहा दिस झाले असते."

"आत्ता इथं असतीस?"

"व्हय."

"मग का नाही केलीस?"

"तुला कळलं असतं, बाळा."

"कळलं असतं तर काय झालं असतं गं? मी विचारलं असतं, तू दोन शिव्या हासडल्या असत्यास आणि माडगं ढवळत बसली असतीस." परिचारिकेनं तिची उशी सरळ केली. "मला राग नाही आला, आई. भूक लागलीय नुसती."

आक्काच्या आयुष्यात कुणी भुकेचं नाव काढलं आणि ती जागची हलली नाही, असं झालं नव्हतं. आता ती पडद्यासमोर बसली होती. हातात काही नव्हतं, आणि असतं तरी पोचवायला वाट नव्हती.

त्यानंतर तिनं जे जे करायचं ते केलं. आमदाराकडं गेली. खासदाराच्या माणसाला दोन तास धरून बसली. लेकीच्या देशाच्या वकिलातीला दिलीपकडून पत्र लिहवलं: मी खोटं लिहिलं, आता खरं लिहिते, मला शिक्षा करा पण नंतर करा. वकिलातीचं उत्तर तासाभरात आलं. यंत्रानंच लिहिलेलं होतं. निर्णयानंतर जबानी बदलता येत नाही. शेवटी तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असंही त्यात होतं.

"दुःखात कशाला येतायसा," आक्का त्या कागदाला म्हणाली, "मला तुमच्या गावात येऊ द्या की."

जुन्या रक्ताचा अर्ज टाकल्यापासून सव्विसाव्या दिवशी वृषाली गेली. दिलीपनं फोनवर ऐकलं आणि फोन आईच्या हातात दिला. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती असं परिचारिकेनं सांगितलं, आणि त्याआधी तिनं एक शब्द वारंवार उच्चारला होता, तो आम्हाला कळला नाही, असंही. तिनं तो तिच्या परीनं म्हणून दाखवला. "माद्गा."

आक्कानं फोन खाली ठेवला.

दहन तिकडेच झालं. इकडे गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांच्यातली मोठी, हौसाबाई, पदर तोंडाला लावून म्हणाली, "सोन्यासारखी पोटची पोर गेली गं बाई तुझी."

"ओटीतली," आक्का म्हणाली.

कुणाला वाटलं दुःखानं डोकं फिरलं. हौसाबाईनं पदर खाली घेतला.

"शेवंताची पोर ती. मी ओटीत घेतली. एकेचाळीस वर्षं तुमच्याशी खोटं बोलले. आता करा काय करायचं ते."

कुणी काहीच केलं नाही. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी उठून गेलं नाही. हौसाबाईनं फक्त तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग काय झालं?" आक्काला तो हात सोसवेना. सगळं जग 'मग काय झालं' म्हणायला तयार बसलं होतं, आणि ही एकटीच मान सांभाळत बसली होती.

खाणावळ तेराव्यानंतर उघडली. दवाखान्यातली माणसं थांबत नाहीत, त्यांना काय सांगणार? पिवशी खुंटीला तशीच होती. तळातल्या पिठाला जाळी धरली होती. सुनेनं टाकू का विचारलं तर आक्का तिच्या अंगावर धावून गेली, मग स्वतःच बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

तिथेच तरन्नुम आली. ऐन जेवणाची वेळ, आत पंगत बसलेली. तिच्या हातात एक कागद होता, दोनदा दुमडलेला.

"द्यावं की नको, असं वाटत होतं."

"वाच."

"आक्का—"

"वाच म्हणते न्हवं."

तरन्नुमनं वाचलं. "जतन केलेल्या मूळ रक्तनमुन्यात परक्या स्त्रीपेशी आढळल्या. प्रमाण एक कोटीत तीन. अर्जदार आक्काताई चौगुले यांच्याशी जुळतात. स्तन्यपानातून आल्याची शक्यता सर्वाधिक. अर्जाचे प्रयोजन संपुष्टात आल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे."

"संपुष्टात म्हणजे?"

"संपलं म्हणून."

आक्कानं मान हलवली. तिनं कागद घेतला नाही.

तरन्नुम तिच्याशेजारी बाकड्यावर टेकली. "तुमचं खरं होतं, आक्का. दूध पोचलं होतं."

"व्हय," आक्का म्हणाली. "दूध पोचलं. मी न्हाई पोचले."

आत कुणीतरी भाकरी मागितली. थोड्या वेळानं पुन्हा मागितली. आक्का उठली नाही.